आधी चौकशी, मग मलम

सांगलीच्या पेठेत घाऊक व्यापार करणाऱ्या एका स्नेह्यांकडे काही दिवसांपूर्वी आमचे सहज जाणे झाले. गृहस्थ मोठे हिशेबी. पोत्यामागे किलोभर घट आली तरी ती कोठे आली याचा छडा लागेपर्यंत ज्यांस झोप येत नाही, अशांपैकी ते एक. बोलता बोलता त्यांचा दीड वर्षाचा नातू मांडीवर येऊन बसला. त्याच्या दोन्ही डोळ्यांच्या पापण्या लाल, जाड आणि खवलेदार झालेल्या होत्या आणि मूल मुठींनी डोळे एकसारखे चोळीत होते. हे किती दिवसांचे, असे पुसता ‘चार महिन्यांचे’ असे उत्तर मिळाले. उपाय काय केले, असे पुसता मात्र यादी लांबलचक निघाली. आजीने काजळ घातले. शेजारणीने आईचे दूध डोळ्यांत पिळावयास सांगितले. कोणी गुलाबपाणी सुचविले, कोणी एरंडेल. साताऱ्याच्या मावशीने आपल्या मुलास लागू पडलेली मलमाची ट्यूब कोणाबरोबर तरी धाडून दिली आणि ती संपल्यावर रिकामी ट्यूब दाखवून तसलीच दुसरी कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातून आणविली गेली. चार महिन्यांत पाच उपाय झाले. परंतु हे पुरळ कशाने आले, हा साधा प्रश्न कोणीही कोणास विचारला नाही! धान्याच्या घटीची जेथे चौकशी होते तेथे नातवाच्या डोळ्यांची होऊ नये, याचा आम्हांस मोठा विषाद वाटला.

कोणी म्हणेल की, पोराच्या पापणीवरचे पुरळ हा काय संपादकीय स्तंभात चर्चा करण्याचा विषय झाला? आमचे उत्तर असे की, विषय पुरळाचा नाही, विचारपद्धतीचा आहे. सातारा व सांगली हे दोन जिल्हे १९४९ सालापर्यंत एकच होते. त्या साली दक्षिण सातारा म्हणून वेगळा झालेला भाग १९६० साली सांगली या नावाने ओळखला जाऊ लागला. सरकारने नकाशावर रेघ ओढली. घरांतल्या चालीरीतींवर ती ओढली गेली नाही. वर वर्णिलेले घर सांगलीत आहे तसेच ते साताऱ्यात, कऱ्हाडात, वाईत, तासगावात आणि मिरजेतही आहे. आरोपी कोण हे ठरण्यापूर्वीच शिक्षा फर्माविणाऱ्या न्यायाधीशास आपण काय म्हणू? मग रोग कोणता हे ठरण्यापूर्वीच औषध चोळणाऱ्या घरास निराळे नाव का द्यावे?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. पापणीची कातडी ही सर्व शरीरातील सर्वांत पातळ कातडी. तिची जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर. दंडावर वा पाठीवर जे पदार्थ निमूटपणे सहन होतात तेच पापणीस सोसत नाहीत, आणि तीवर लावलेले औषध आत शिरतेही अधिक. लहान मुलाच्या पापणीवर आठवडेच्या आठवडे टिकणाऱ्या पुरळाची कारणेही एक नव्हेत, अनेक आहेत. त्यांत वारंवार आढळणारे कारण म्हणजे इसब. अशा मुलाचे गाल, कोपरांचे व गुडघ्यांचे सांधेही बहुधा कोरडे व खाजरे असतात, आणि घरात कोणास दमा, शिंका अथवा इसब असल्याचा इतिहास पुष्कळदा सापडतो. दुसरे कारण एखाद्या वस्तूच्या स्पर्शाचे: साबण, शांपू, सुवासिक ओले रुमाल, कापराचे बाम, डोक्यावरून ओघळणारे तेल. तिसरे कारण डोक्यातील कोंडा व पापण्यांच्या कडांची सूज. चौथे जंतूंचे, पाचवे घरातल्या कोणाच्या तरी अंगावरून आलेल्या नायट्याचे, आणि सहावे, जे सर्वांत जपण्याजोगे, नागिणीच्या जातीच्या विषाणूंमुळे उठणाऱ्या बारीक फोडांचे. बाहेरून ही सर्व पुरळे नवख्यास सारखीच लाल दिसतात. परंतु त्यांपैकी एकास जे औषध तेच दुसऱ्यास विष, हे ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

आता स्पर्शाच्या कारणाविषयी आमच्या व्यापारी वाचकांस थोडे अधिक सांगावयाचे आहे. सांगलीची हळद देशभर प्रसिद्ध असून २०१८ साली तीस भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. तिचा आम्हांसही अभिमान आहे. हळद बहुतेकांस बाधत नाही, परंतु थोड्यांच्या कातडीस ती बाधते, ही गोष्ट वैद्यकात नमूद आहे. आणि मिरचीच्या धुळीविषयी तर सांगणेच नको. दिवसभर पेठेत हळद-मिरचीच्या पोत्यांत वावरलेला बाप घरी येतो आणि हातपाय न धुता, सदरा न बदलता मुलास उचलून घेतो. तासगावाकडील द्राक्षबागाईतदार फवारणीच्या कपड्यांनिशीच तसे करतो. आईच्या नखांवरचा रंग नखांस काही करीत नाही. तो बाधतो त्या नखांनी जेथे स्पर्श होतो त्या पापणीस. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते हे तर परटांच्या कपड्यांवरील खुणांमुळे अंगावर चट्टे उठलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांस ठाऊक होते. तरीही तान्ह्या मुलांच्या बाबतीत तो वापरणारी घरे अद्याप आहेत! रस्त्याकडेच्या गाजरगवताचा उपद्रव पुण्याकडे १९५० नंतरच्या दशकात प्रथम ध्यानात आला. त्याची वाळलेली धूळ हवेतून येते आणि नेमकी चेहरा, मान व पापण्या यांवर उठते. हा त्रास विशेषतः मोठ्या माणसांस होतो; परंतु घराभोवतीचे ते गवत फुलण्यापूर्वी काढून टाकण्यास कोणाच्या परवानगीची जरूर आहे? ही सर्व कारणे चौकशी केली तरच सापडणारी आहेत. ती मलमाच्या ट्यूबवर लिहिलेली नसतात.

काजळाचा प्रश्न नाजूक आहे, कारण तो आजीच्या मायेशी निगडित आहे. काजळाने डोळे टपोरे होतात ही समजूत निराधार आहे. डोळ्याचा आकार मुलाच्या वाढीबरोबर ठरतो, बोटाने ठरत नाही. बाजारातील काही काजळांत व सुरम्यांत शिसे आढळले आहे. कित्येक सुरमे तर शिशाच्याच खनिजापासून केलेले असतात. शिसे मुलाच्या डोळ्यांपेक्षाही त्याच्या मेंदूचे शत्रू असून, शरीरात त्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे स्पष्ट मत आहे. आमच्या कायद्यानेही सौंदर्यप्रसाधनांत रंगासाठी शिशाची व सोमलाची संयुगे वापरण्यास मनाई केली आहे. यावर ‘आमचे काजळ घरचे, तुपाच्या दिव्यावर धरलेले’ असा जबाब मिळेल. ठीक, त्यात शिसे नाही असे घटकाभर धरून चालू. परंतु काजळी ती काजळीच. आणि ते घालणारे बोट? त्याच बोटाने चूल सारवली, नोटा मोजल्या, दुसऱ्या मुलाचे नाक पुसले. आधीच सुजलेल्या पापणीवर ते फिरविणे म्हणजे जखमेवर धूळ टाकणे होय. दृष्ट लागते ही समजूत आम्हांस मान्य नाही, हे सांगणे नलगे. तथापि आजीचे मन मोडू नये असे ज्यांस वाटत असेल त्यांनी तीट पायाच्या तळव्यास लावावी. दृष्ट जर इतकी चतुर असेल तर ती तळवाही पाहीलच. आणि डोळे तरी वाचतील!

परंतु काजळाहून मोठे संकट आज निराळेच आहे, आणि ते आजीच्या डबीतून येत नसून सुशिक्षितांच्या कपाटातून येते. मावशीने धाडलेली ती ट्यूब स्टिरॉइडची होती. स्टिरॉइड हे औषध वाईट नाही. योग्य निदान झाल्यावर, योग्य बळाचे, मोजके दिवस, जाणत्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते दिले असता मोठे उपकारक आहे, आणि अशा वेळी भिऊन ते टाळणे हाही अविचारच होय. परंतु त्याचा स्वभाव ओळखला पाहिजे. ते सूज दाबते. सूज का आली याच्याशी त्यास कर्तव्य नसते. म्हणून दोन दिवसांत लाली उतरते आणि ‘गुण आला’ अशी घरात द्वाही फिरते. मलम बंद करताच लाली परत येते, म्हणून पुन्हा लावतात. आणि येणेप्रमाणे महिने लोटतात. दरम्यान कातडी अधिकच पातळ होते, रक्तवाहिन्या वर दिसू लागतात. पुरळ नायट्याचे असेल तर ते रूप पालटून पसरते, आणि मग तज्ज्ञासही ओळखणे कठीण जाते. ते विषाणूंच्या फोडांचे असेल तर आजार बुबुळापर्यंत जाऊन दृष्टीवरच घाला पडण्याचे भय असते. सर्वांत वाईट गोष्ट ही की, पापणीवर दीर्घकाळ लावलेले तीव्र स्टिरॉइड डोळ्यापर्यंत पोहोचून आतील दाब वाढवू शकते व मोतीबिंदूसही कारण होऊ शकते. हा दाब दुखत नाही, बोलत नाही. दीड वर्षाचे मूल ‘मला कमी दिसते’ असे कोणास सांगणार? पुरळ गेले म्हणून पेढे वाटावे आणि काचबिंदू मागे राहावा, असा हा सौदा आहे.

हे भय आमच्या कल्पनेतले नव्हे. देशातील १२ केंद्रांत चेहऱ्याच्या त्वचाविकारांच्या २,९२६ रुग्णांची पाहणी होऊन तिचा वृत्तान्त २०११ साली त्वचारोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ४३३ रुग्ण चेहऱ्यास स्टिरॉइड मलम लावीत होते, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक लोकांस ते डॉक्टराव्यतिरिक्त दुसऱ्याच कोणी सुचविले होते. शेजारी, आप्त, दुकानदार हेच ते ‘दुसरे कोणी’, म्हणजे आपणच.

आता कायद्याची बाजू पाहू, कारण ती आमच्या व्यवसायाची आहे. १९४० चा औषधविषयक कायदा व त्याखालील १९४५ चे नियम यांनी काही औषधे ‘एच’ परिशिष्टात घातली आहेत. ती नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या चिठ्ठीवाचून किरकोळीने विकता येत नाहीत. परंतु त्याच परिशिष्टाच्या तळटीपेत बाहेरून लावावयाच्या औषधांस सवलत होती, आणि त्या फटीतून स्टिरॉइड मलमे वर्षानुवर्षे दंतमंजनासारखी विकली गेली. देशातील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने याविरुद्ध पुष्कळ वर्षे ओरड केल्यावर, मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइड द्रव्यांच्या मलमांपुरती ती पळवाट बुजविली. त्यास आज इतकी वर्षे झाली. कायदा झाला, पण दुकानाच्या फळीवर तो पोहोचला काय? रिकामी ट्यूब दाखवावी आणि भरलेली घेऊन यावी, हा व्यवहार वाचकांपैकी किती जणांनी गेल्या वर्षभरात केला, हे ज्याचे त्याने मनाशी आठवावे. कायद्याचे राज्य म्हणजे केवळ सरकारचे राज्य नव्हे. आपण होऊन पाळलेला कायदा हेच स्वतंत्र राष्ट्राचे लक्षण होय. परक्यांच्या अमलात कायदा चुकविणे ही एक वेळ बहाद्दुरी ठरत असेल. आपल्याच मुलांच्या रक्षणासाठी आपणच केलेला कायदा चुकविण्यात कोणती बहाद्दुरी आहे?

औषधविक्रेत्या बंधूंस आमचे सांगणे स्पष्ट आहे. आपण नुसते दुकानदार नव्हे. आपल्या परवान्यामागे नोंदणीकृत औषधनिर्मात्याची विद्या उभी आहे. नियमभंगाबद्दल परवाना तहकूब वा रद्द होऊ शकतो, ही धमकी आम्ही देऊ इच्छीत नाही. ती अन्न व औषध प्रशासनाने द्यावी, आणि खरीच द्यावी. आम्ही व्यापाऱ्याच्या भाषेतच बोलतो: चिठ्ठीवाचून ट्यूब मागणाऱ्यास ‘लहान मुलाच्या डोळ्यापाशी हे लावू नका, आधी दाखवून या’ एवढे जो सांगेल, त्याची एक ट्यूब खपणार नाही, परंतु त्याचे गिऱ्हाईक जन्माचे होईल. पत ही रोकडीहून मोठी, हे पेठेस आम्ही शिकवावयास नको.

‘डॉक्टरकडे जाण्यास दिवस मोडतो, पैसा लागतो’, असा आक्षेप येईल. गरिबाच्या तोंडी तो खरा आहे, आणि त्याचे निवारण करणे हे सरकारचे कर्तव्य आहे. परंतु तो सुखवस्तूंच्या तोंडी शोभत नाही. १८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत रुग्णालय उभारले, तेव्हा लांबलांबचे लोक बैलगाडीने व आगगाडीने डोळे दाखविण्यास तेथे येत. १९६२ पासून मिरजेत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. सातारा व सांगली या दोन्ही शहरांत सरकारी रुग्णालये आहेत. बैलगाडीच्या काळात जे लोकांस जमले ते मोटारीच्या काळात न जमावे काय? शिवाय २०१३ पासून चालू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी व्हावी असे ठरलेले आहे, आणि पाहावयाच्या विकारांत खरूज, नायटा व इसब यांचाही समावेश आहे. पथक येईल त्या दिवशी मुलास अंगणवाडीत पाठवावे आणि पापणी मुद्दाम दाखवावी. पथक आलेच नाही तर ग्रामपंचायतीत वा नगरपालिकेत त्याचा जाब विचारावा. हक्क मागितल्यावाचून मिळत नाही, हे आमच्या पिढ्यांनी मोठ्या कष्टाने शिकलेले आहे.

आणखी एका अन्यायाकडे लक्ष वेधणे आमचे कर्तव्य आहे. मुलास पुरळ उठले की घरात पहिला ठपका आईवर येतो. ‘तू वांगे खाल्लेस’, ‘तुझे दूध उष्ण’, ‘तुझे लक्ष नाही’, असे म्हणून तिचे खाणेपिणे तोडण्यात येते; पुढे मुलाचेही अंडे, दूध, डाळ बंद होते. इसबाच्या प्रत्येक मुलास अन्न बाधते असे नाही, आणि डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून वाढत्या मुलाचे अन्न तोडल्याने पुरळ जात नाही, मूल मात्र खंगते. वास्तविक कोणत्या दिवशी कोणता साबण बदलला, पुरळ कधी वाढते, मूल रात्री किती वेळा उठते, हे सर्व त्या आईसच ठाऊक असते. जी मुख्य साक्षीदार, तिलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून तिचा जबाब मात्र न घेणे, हा कोणत्या कोर्टातला न्याय? आमच्या ओळखीच्या त्या घरातही, पहिल्या महिन्यात डॉक्टरकडे चला असे म्हणणारी एकटी सूनच होती, हे आम्हांस मागाहून कळले.

तेव्हा करावे काय? प्रथम, लावणे थांबवावे: काजळ, तेल, बाम, दूध, पावडर, सुवासिक रुमाल, सर्व काही. मात्र डॉक्टरांनी दिलेले औषध त्यांस विचारूनच थांबवावे. चेहरा कोमट पाण्याने धुऊन मऊ सुती फडक्याने टिपावा, चोळू नये. मुलाची नखे आखूड ठेवावी. वडीलधाऱ्यांनी हात धुऊन मुलास घ्यावे. कोणत्या दिवशी काय लागले, काय बदलले, याची तारीखवार टिपण ठेवावी. जमाखर्च लिहिणाऱ्या हातांस हे काम जड नाही. पुरळ आठवडाभरात ओसरले नाही, वा पुनःपुन्हा आले, तर बालरोगतज्ज्ञास अथवा त्वचारोगतज्ज्ञास दाखवावे, आणि आतापर्यंत लावलेल्या सर्व ट्यूबा, रिकाम्यासुद्धा, बरोबर न्याव्या. लाजेने काही लपवू नये. पापणी सुजून डोळा मिटला, ताप आला, पू आला, पाण्याने भरलेले फोड उठले, मूल उजेड सहन करीनासे झाले, किंवा बुबुळ धुरकट वा मोठे दिसू लागले, तर मात्र आठवडा नव्हे, दुसरा दिवसही उजाडू देऊ नये. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे.

आमच्या स्नेह्यांच्या नातवाचे पुढे काय झाले, हे वाचकांस जाणण्याची इच्छा असेल. आमच्या आग्रहास्तव, आणि खरे म्हणजे सुनेच्या आग्रहास्तव, मुलास डॉक्टरांकडे नेले. विकार इसबाचा निघाला. काजळाने व तेलाने तो चिघळला होता आणि ट्यूबेने झाकला गेला होता. डॉक्टरांनी सर्व उपाय बंद करवून वयास योग्य अशी उपचाराची पद्धत लावून दिली, आणि डोळ्यांतील दाब तपासून घेण्यास नेत्रतज्ज्ञाकडे पाठविले. दाब, सुदैवाने, योग्य निघाला. इसब हा पुन्हा डोके वर काढणारा विकार असल्याने घरच्यांस पुढेही जपावे लागेल. परंतु आता ते कशाशी जपत आहेत हे त्यांस ठाऊक आहे. मात्र ‘सुदैवाने’ हा शब्द आम्हांस खटकतो. मुलाची दृष्टी दैवावर का सोडावी?

याच प्रांतात एके काळी अंगावर पुरळ उठले म्हणजे देवीचा कोप समजून लोक औषध नाकारीत. पुढे लस आली, विरोध झाला, समजूत पटली, आणि १९७५ नंतर या देशात देवीचा रोगी उरला नाही. तेव्हा दोष औषध न घेण्याचा होता. आज दोष वाटेल ते औषध घेण्याचा आहे. दोहोंचे मूळ एकच: कारण शोधण्याचा कंटाळा. ज्या सातारा जिल्ह्यातील टेंभू गावी १८५६ साली आगरकर जन्मले, तेथील लोकांस ‘कारण विचारा’ एवढे सांगण्याची पाळी यावी, ही खेदाची गोष्ट आहे. परंतु ती आली आहे म्हणून आम्ही सांगत आहो. आज घरी गेल्यावर प्रत्येकाने आपले औषधांचे कपाट उघडावे, चिठ्ठीवाचून आणलेली आणि दुसऱ्याच्या नावाची प्रत्येक ट्यूब बाहेर काढावी, आणि घरातील लहान मुलाकडे एकवार नीट निरखून पाहावे. चौकशीस तेथूनच आरंभ होतो.